पितळेवरचा अंगठ्याचा ठसा

माझ्या टाकीवर, पंपाच्या तोंडाशी, अंगठ्याचा एक तपकिरी ठसा आहे. बाकीचे अंग इतके लख्ख असते की त्यात समोरची खिडकी दिसते, पण तो ठसा कुणी पुसत नाही. घरी येणारा एखादा पाहुणा न राहवून नखाने खरवडून पाहतो. तो निघत नाही. मित्रांनो, ज्या दुपारी तो ठसा उमटला, त्या दुपारी एका माणसाचा जीव माझ्या श्वासावर टांगलेला होता, आणि मला श्वासच धरता येत नव्हता.

मी पंपाचा, रॉकेलवर चालणारा एक म्हातारा पितळी स्टोव्ह आहे. माझे भाऊबंद आता फारसे दिसत नाहीत, म्हणून आधी माझी रचना सांगतो. माझ्या पोटात रॉकेल असते. पोटाच्या कुशीत पंप असतो. पंपाने हवा भरली की ती रॉकेलवर दाब देते आणि रॉकेल वर बर्नरकडे चढते. बर्नर आधीच तापलेला असला तर रॉकेलची वाफ होते, निपल नावाच्या बारीक तोटीच्या केसाएवढ्या भोकातून बाहेर पडते आणि निळी जळते. बर्नर तापवायला त्याच्याखालच्या वाटीत थोडे स्पिरिट जाळावे लागते. आधी स्पिरिटची आच, मग हवेचा दाब. यातले एक जरी नसले तरी मी नुसता पितळेचा गोळा.

हा दाब एका अगदी क्षुल्लक वस्तूवर अवलंबून असतो. पंपाच्या दांडीच्या टोकाला कोटाच्या बटणाएवढा एक कातडी वायसर असतो, उघड्या छत्रीच्या आकाराचा. दांडी आत ढकलली की त्याचा काठ नळीला चिकटतो आणि हवा पुढे रेटतो. मी ज्या कारखान्यात घडलो, तिथे हे वायसर बसवणारे एक वयस्कर कारागीर होते. ते वायसर दिवसभर तेलात भिजत ठेवत आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणत, "पितळ उपाशी राहिलं तरी चालतं हो, कातडं उपाशी राहिलं की आक्रसतं." त्या बाईंचे काम स्टोव्ह पाण्याच्या टबात बुडवून पंप मारायचे. बुडबुडा आला की स्टोव्ह परत. माझा एकही आला नाही. "धरतोय हा श्वास," असे म्हणून त्यांनी माझ्या बुडावर खडूने खूण केली. ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतले जंगलांच्या हद्दी मोजणाऱ्या एका खात्याने. हे काम हिवाळ्यातच चाले. पाने झडली की झाडांमधून दूरवरचे दिसते, दुर्बिणीच्या आड काही येत नाही. त्यामुळे लोक घरात शिरायचे तेव्हा आमची तुकडी रानात शिरायची. त्या तुकडीत पंचविशीतली एक मोजणीदार होती. आता सगळे तिला आत्या म्हणतात, मीही तेच म्हणतो. दर शनिवारी ती माझी दांडी बाहेर काढी आणि "पोटाला रॉकेल, गळ्याला तेल" असे पुटपुटत वायसरवर दोन थेंब सोडी.

"स्वतःच्या केसांना कधी लावता का हो एवढं तेल?" तुकडीतला आचारी चिडवायचा.

"केस मला सकाळी चहा करून देत नाहीत," आत्या म्हणायची.

एकवीस हिवाळे मी तिच्याबरोबर काढले. पुढे गॅसच्या डब्या आल्या. मोजणीही आकाशातून होऊ लागली. मी कपाटात गेलो, आणि कपाट रिकामे करायच्या वेळी भंगाराच्या यादीत. आत्याने एका कागदावर सही करून मला घरी आणले. तिथे माळ्यावर, रंगाच्या वाळलेल्या डब्यांमागे, मी बारा वर्षे होतो. वस्तूला मरण नसते असे म्हणतात. मला विचाराल तर माळा म्हणजे त्याच्या अगदी शेजारची खोली.

मग एका हिवाळ्यात आत्याने शिडी लावली.

तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते. त्याआधी तिला एकदा तो दगड बघायचा होता. खात्यात रुजू झाल्यावर तिने स्वतःच्या हाताने रोवलेला पहिला हद्दीचा दगड, क्रमांक सतरा. रानातल्या पायवाटेने जाऊन-येऊन तीन दिवसांचे चालणे. बरोबर भाची येणार होती. आत्याने मला खाली उतरवले, नवे रॉकेल भरले, वायसर तेलाने मऊ केला आणि मला पेटवले. मी पेटलो! बारा वर्षांनी, पहिल्या झटक्यात.

"गॅसची शेगडी घेऊ ना आत्या, हलकी पडते," भाची म्हणाली.

"गॅस थंडीत आळसावतो. शास्त्र शिकलेली तू, मी काय सांगायचं? हा पठ्ठ्या आळसावत नाही."

ही भाची एका प्रयोगशाळेत काम करत होती. पाण्यात विरघळलेले धातू मोजायचे तिचे काम. तिथल्या काचेच्या नळीला बोटाचा तेलकटपणा जरी लागला तरी दिवसभराचे मोजमाप वाया जाते. त्यामुळे तेल म्हणजे घाण, हे तिच्या हाडीमाशी भिनले होते. आत्या तिला लाडाने 'चकाचकबाई' म्हणे. आत्याला खूश करावे म्हणून तिने मला गुपचूप आपल्या खोलीवर नेले आणि सुटे सुटे केले. टाकी घासली, बर्नर घासला, निपल उजेडात धरून तपासले. शेवटी तो काळपट, तेलकट वायसर तिच्या हाती आला. तिने तोंड वाकडे केले. तो साबणाच्या गरम पाण्यात चोळला, मग स्पिरिटने पुसला, मग परत पाण्यातून काढला. कातडे चक्क पांढरट दिसू लागले.

ती निष्काळजी नव्हती, हे मला सांगितलेच पाहिजे. तिने मला जोडून पेटवून पाहिले. सात मिनिटांत लिटरभर पाणी उकळले, तिने ते वहीत टिपलेही. पण तेव्हा कातडे ओले होते. ओले कातडे फुगते आणि नळीला गच्च बसते. चाचणी पास झाली ती पाण्यामुळे. पुढच्या आठ दिवसांत ते पाणी उडून गेले, आणि माझ्या गळ्यात उरला एक कडक, आक्रसलेला, उपाशी चकता. मला ते कळत होते. पण स्टोव्हला तोंड असते ते फक्त जळायला.

"अगंबाई, हा तर लग्नाला निघाल्यासारखा दिसतोय!" मला बघून आत्या म्हणाली. आपला चेहरा माझ्या पोटावर पाहून तिने केस सारखे केले. भाचीचे गाल फुलले. वायसर धुतल्याचे सांगायचे तिच्या मनातही आले नाही. धुणे ही काय सांगायची गोष्ट?

पहिला मुक्काम पायवाटेच्या तोंडाशी असलेल्या लाकडी झोपडीत झाला. तिथे शेगडी होती, लाकडे होती, माझी गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गारठलेला पाऊस पडला आणि प्रत्येक फांदीवर काचेसारखे कवच धरले. दोघी चालत राहिल्या. वाटेत आत्या सारखी थांबून एका छोट्या डबीतले मलम ओठांना चोपडत होती.

"किती चिकट आहे ते! डबीला बोट लावलं तरी मला कसंतरी होतं."

"चिकट आहे म्हणून तर ओठ शाबूत आहेत, चकाचकबाई."

दुपारी अडीचला एक ओढा आडवा आला. वर बर्फ, बर्फावर भुरभुरीत हिम. "इथे पूल होता," आत्या म्हणाली, आणि जिथे पूल होता असे तिला आठवत होते तिथेच तिने पाय टाकला. कडकन आवाज झाला. ती मांडीपर्यंत आत गेली आणि पाठीवरच्या ओझ्यासकट मागे कलंडली. भाचीने पोटावर झोपून काठी पुढे केली. आत्याला बाहेर ओढायला तिला दोन मिनिटे लागली असतील. मी भाचीच्या पिशवीत होतो, कोरडा. आत्याची पिशवी, तिची स्लीपिंग बॅग, सुके कपडे, सगळे निथळत होते.

झोपडी सात किलोमीटर मागे. फोनला रेंज नाही. सूर्य पावणेपाचला मावळणार.

भाचीने भराभर तंबू ठोकला, आत्याचे ओले कपडे काढले, आपले सुके कपडे तिला चढवले आणि आपल्या स्लीपिंग बॅगेत तिला घातले. पण स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही, आहे ती धरून ठेवते. आत्याच्या अंगात धरण्याजोगी ऊब फारशी उरली नव्हती. तिचे दात इतके वाजत होते की मला ते तंबूबाहेर ऐकू येत होते. तिला पोटात काहीतरी गरम हवे होते, आणि काखेत गरम पाण्याच्या बाटल्या. भाचीने लाकडे पेटवायचा प्रयत्न केला. गारठ्याच्या पावसाने ती आतपर्यंत भिजली होती. दहा काड्या गेल्या आणि धूर तेवढा मिळाला.

राहिलो मी.

तिने मला तंबूबाहेर, एका पडलेल्या खोडाच्या आडोशाला ठेवले. हे तिने बरोबर केले. बंद तंबूत मला पेटवले तर माझ्या धुरातला विषारी वायू वासही न येता माणसाला झोपवतो. आत्या तंबूच्या दारातून डोके काढून बघत होती. स्पिरिटची बाटली लहान होती, वाटी जेमतेम तीनदा भरेल एवढी. पहिली वाटी भरली, काडी लावली. बर्नर तापला. भाचीने दांडी ढकलली.

दांडी सर्रकन आत गेली. काही अडलेच नाही, जणू भोक पडलेल्या चेंडूवर कुणी बसावे. हवा वायसरच्या कडेने परत येत होती. मी जीव तोडून ती धरायचा प्रयत्न केला, पण धरायला काठच नव्हता. स्पिरिट जळून विझले. बर्नर थंड झाला.

भाचीचा हात दांडीवर तसाच राहिला. मी तिच्या बोटांच्या टोकांशी होतो, म्हणून सांगतो, तिला त्याच क्षणी कळले होते.

"निपल... तुंबलं असेल," आत्या कापत म्हणाली. "पिन मार."

तेव्हा भाचीने बोलायला हवे होते. ती काही बोलली नाही. कदाचित खरेच निपल असेल, अशी आशा तिने धरली. आणि 'लग्नाला निघाल्यासारखा' हे शब्दही अजून तिच्या कानांत असतील. तिने निपलच्या भोकात पिन मारली. निपल मुळात तुंबलेले नव्हतेच, तिनेच ते उजेडात धरून तपासले होते. तिने दुसरी वाटी भरली, काडी लावली, वीस वेळा पंप मारला, मग तीस वेळा. दांडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरत राहिली. दुसरी वाटीही विझली.

आता बाटलीत तळाशी अर्धी वाटी उरली होती. अंदाज चुकला होता, तीन वाट्या नव्हत्याच.

आणि तेवढ्यात तंबूतला दातांचा आवाज थांबला.

"आत्या, बरं वाटतंय?" भाचीने आनंदाने विचारले.

"हो गं. आता काही... थंडी नाही. उलट गरम होतंय."

भाचीचा चेहरा उतरला. शरीर कापते तेव्हा ते ऊब बनवत असते. ऊब न येताच कापणे थांबले, तर शरीराने हात टेकले असे समजायचे.

"आत्या, ऐक. शंभरातून सात वजा कर."

"त्र्याण्णव."

"त्यातून सात?"

"सतरा," आत्या म्हणाली. "सतरा नंबर तिथे पलीकडे आहे. जाऊन येते मी." आणि ती स्लीपिंग बॅगेची चेन उघडू लागली.

भाचीने तिचे दोन्ही हात धरले. "आत्या, माझं चुकलं. मी वायसर धुतला. साबणाने धुतला, मग स्पिरिटने पुसला. तो वाळून आक्रसलाय. मला पहिल्या वाटीलाच कळलं होतं."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मला वाटले, तिला काही समजलेच नाही. मग तिच्या कपाळावर एक आठी आली, शनिवारी दांडी हातात घेताना यायची तीच.

"वायसर?" ती म्हणाली. "वायसर कुणी धुतं का गं, गाढवे?"

"हो, गाढवच. काय करू ते सांग. झोपू नकोस, आधी सांग."

"गळ्याला तेल." तिचे शब्द एकमेकांत अडकत होते. "काठ बाहेर काढ. छत्रीसारखा. मलम... कोटात... आतल्या खिशात."

भाचीने ओल्या कोटाचा आतला खिसा उलटा केला. डबी निघाली. मलम दगडासारखे झाले होते. तिने हातमोजे दातांनी काढले, माझी दांडी ओढून बाहेर घेतली आणि वायसर उघड्या तळहातावर ठेवला. मलमाचा एक गोळा तिने तोंडात टाकून मऊ केला. मित्रांनो, जिला डबीला बोट लावले तरी कसेतरी व्हायचे, तीच ही मुलगी. तो गोळा तिने कातड्यात चोळला, आतून, बाहेरून. अंगठ्याने काठ थोडा थोडा बाहेर ओढला. फार जोर केला असता तर कातडे चिरले असते. तिची बोटे बधिर होत होती आणि ती मोठमोठ्याने आकडे म्हणत होती, म्हणजे आपण थांबलो तर आपल्यालाच कळेल. साठपर्यंत मोजून झाल्यावर कातडे वाकू लागले.

कोरड्या गळ्यात पहिला घास उतरावा तसे मला झाले.

स्पिरिटची बाटली तिने आधीच सदऱ्याच्या आत ऊब द्यायला ठेवली होती. तळाचे सगळे स्पिरिट वाटीत ओतले. वारा लागू नये म्हणून स्वतःच्या अंगाचा आणि जेवणाच्या ताटाचा आडोसा केला. काडी लावली. एवढ्याशा स्पिरिटमध्ये बर्नर पुरता तापेल की नाही, हे तिलाही माहीत नव्हते आणि मलाही नाही. ज्योत खाली खाली जाऊ लागली. अजून थांबले तर विझणार, आत्ताच पंप मारला तर रॉकेल वाफ न होता ओघळणार. तिने ओठ चावला, मलमाने माखलेल्या अंगठ्याने माझी टाकी घट्ट धरली आणि दांडी ढकलली.

हात अडला.

आयुष्यात मी पुष्कळ शाबासक्या ऐकल्या आहेत, पण त्या अडण्यासारखी एकही नाही. दुसऱ्यांदा ढकलली, आणखी अडला. तिसऱ्यांदा. माझ्या डोक्यावर आधी पिवळा भडका उडाला, काजळी आली, मी खोकलो, थुंकलो. "चल ना रे," ती म्हणाली, "चल ना." चौथा पंप. पिवळ्याचे निळे झाले आणि मी पूर्वीसारखा, तंबूंच्या रांगेत गाजायचो तसा, घुमू लागलो.

पातेल्यात तिने आधी घोटभर पाणी घेतले आणि मग हिम टाकले, नाहीतर पातेले करपते. पहिले कपभर साखरेचे पाणी आत्याला घोट घोट पाजले. दोन बाटल्या भरून, मोज्यांत गुंडाळून काखेत ठेवल्या. मग स्वतः तिला कवटाळून बसली, आणि अधूनमधून बाहेर येऊन मला हवा देत राहिली. पाऊण तासाने तंबूतून पुन्हा तो आवाज आला. दात वाजू लागले होते. थरथर परत आली होती. भाचीने तोंडावर हात धरला आणि ती हुंदके देऊन रडू लागली.

"रडू नकोस," आत्या कापत कापत म्हणाली. "डोळ्यांत गोठेल."

सकाळी ऊन पडले. सतरा नंबर तिथून अर्ध्या तासावर होता. भाचीने परतीच्या वाटेकडे बोट दाखवले आणि आत्याने वाद घातला नाही. "दगड कुठे पळून जातोय," ती म्हणाली. "मीच रोवलाय तो."

तिच्या उजव्या पायाचे धाकटे बोट अजून बधिर आहे. गुडघ्याचे ऑपरेशन झाले. ती घरातल्या घरात काठी घेऊन फिरते, आणि पुढच्या हिवाळ्याचे बेत काठीइतक्याच जोरात आपटते. घरी पोचल्यावर भाचीने मला घासायला घेतले होते, तेव्हा पंपाच्या तोंडाशी तो ठसा दिसला. मलम आणि रॉकेल, माझ्या आचेने पितळेवर भाजून पक्के झालेले. तिने फडके खाली ठेवले.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जरूर घासा. धुळीत पडून राहायला आम्हालाही आवडत नाही. पण घासण्याआधी, ज्याने ती वस्तू वर्षानुवर्षे हाताळली त्याला एकदा विचारा. जे डोळ्याला मळ वाटते, ते कदाचित तिचे अन्न असेल. आणि तरीही चूक झालीच, तर वाटीतले स्पिरिट संपायच्या आत बोला. मी अर्ध्या वाटीवर पेटलो. दर वेळी अर्धी वाटी उरलेली असेलच असे नाही.

दर शनिवारी भाची येते, मला टेबलावर घेते आणि दांडी बाहेर काढते.

"काठ बाहेर काढलास?" आत्या खुर्चीतून विचारते.

"काढला."

"तेल?"

"दोन थेंब."

मग ती दांडी आत बसवते, ठशावर बरोबर आपला अंगठा टेकवते आणि एकदा ढकलून पाहते. हात अडतो. तेव्हाच आत्या पुढच्या हिवाळ्याचे बोलते.